उड्डाण करतानाच इंजिन बंद पडलं तर?

हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं कोसळतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उंची आणि वेग हाताशी असेल तर ते इंजिनाविनाही सुखरूप उतरवता येतं. प्रशिक्षणात हे वारंवार घोटून घेतात. कसोटी लागते ती उड्डाणाच्या वेळी, म्हणजे जमीन सोडून वर चढताना, कारण तेव्हा दोन्ही कमी असतात.

रॉबिन्सन आर-22 हे दोन आसनी हेलिकॉप्टर घेऊ. कमाल वजन 622 किलो, दोन पात्यांचा 7.67 मीटर व्यासाचा रोटर, मिनिटाला साधारण 500 फेरे. इंजिन थांबताच फ्रीव्हील क्लच रोटरला इंजिनापासून मोकळं करतो आणि नाक डावीकडे वळू लागतं. ते उजव्या पेडलने सावरायचं. पण पात्यांचा कोन चढाईइतकाच मोठा राहिला, तर रोटर झपाट्याने मंदावतो. पाती हलकी असल्याने साठलेली ऊर्जा मुळातच थोडी, शिवाय ती वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते: फेरे 80 टक्क्यांवर आले की ऊर्जा उरते 64 टक्के. 97 टक्क्यांखाली भोंगा वाजतो. 80 टक्क्यांच्या आसपास पाती स्टॉल होतात, म्हणजे त्यांची उचल मोडते, आणि मग काहीच हाती उरत नाही. म्हणून सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा, डाव्या हातातला कलेक्टिव्ह दांडा सेकंदभरात खाली गेला पाहिजे.

यानंतर घडतं ते ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाविना केवळ हवेच्या जोरावर रोटर फिरत राहणं, आणि त्यातली खरी गंमत एकाच पात्याच्या तीन भागांत आहे. खाली येताना हवा रोटरमधून वर जाते, त्यामुळे पात्यावर वारा समोरून आणि थोडा खालून येतो. लिफ्ट, म्हणजे उचलणारं बल, नेहमी वाऱ्याच्या दिशेला काटकोनात असते, म्हणजे इथे ती किंचित पुढे कलते आणि पात्याला पुढे ओढते. टोकाजवळ पात्याचा वेग प्रचंड, त्यामुळे हा कल नगण्य. तिथे हवेचा अवरोध जिंकतो. मुळाशी वेग कमी, वाऱ्याचा कोन फार मोठा. तो भाग स्टॉलमध्येच असतो. मधला, त्रिज्येच्या साधारण 25 ते 70 टक्क्यांमधला पट्टा रोटर फिरवत ठेवतो. फेरे वाढले की कल घटतो आणि ओढ कमी होते. फेरे घटले की ओढ वाढते. पात्यांचा कोन लहान असेपर्यंत हा तोल आपोआप सांभाळला जातो. अशा लँडिंगनंतर ‘दैव बलवत्तर’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. श्रेय मात्र या पट्ट्याचं आणि वेळेवर खाली गेलेल्या हाताचं.

पुरेशी उंची असेल तर सुमारे 65 नॉट वेग राखून उतरायचं. जमिनीपासून 40 फुटांवर सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे कलवणारा दांडा) मागे घेऊन नाक उचलायचं: पुढचा वेग आणि खाली येण्याचा वेग दोन्ही घटतात, रोटरचे फेरे वाढतात. 8 फुटांवर हेलिकॉप्टर सपाट करून, स्किड (खालच्या घसरपट्ट्या) टेकण्याआधी कलेक्टिव्ह वर ओढायचा. उरलेली ऊर्जा तेव्हा एकदाच खर्च होते.

आता उड्डाण. 8 फुटांखाली घिरटी घालताना इंजिन गेलं, तर साठलेली ऊर्जा टेकण्यापुरती पुरते. पण 100 फुटांवर, पुढचा वेग शून्य असताना तेच झालं, तर रोटर सावरायलाही उंची अपुरी पडते. हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत हा धोक्याचा पट्टा उंची-वेग आलेखात दिलेला असतो. त्यामुळे मोकळी जागा असताना सरळ वर चढणं म्हणजे विनाकारण ओढवून घेतलेलं संकट. जमिनीलगत वेग घ्यावा, मग चढावं.

इंजिनाची ताकद जाण्याचं एक फसवं कारण म्हणजे कार्ब्युरेटरमधला, म्हणजे हवेत इंधन मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. विमान पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे हवेची झडप पूर्ण उघडून, उड्डाण घेतं, हेलिकॉप्टर लागेल तेवढीच ताकद घेतं. अर्धवट मिटलेल्या झडपेपाशी हवा आणखी थंड होते आणि दमट हवेत, अगदी 20 अंश सेल्सियसलाही, तिथे बर्फ साचतो. फेरे आपोआप कायम राखणारा गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडत राहतो, म्हणून फेरे घटलेले दिसत नाहीत. अशा हवेत इंजिन तापवतानाच कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) पूर्ण उघडून आतला मार्ग गरम करून घ्यावा आणि उड्डाणाआधी तापमानाचा काटा पिवळ्या पट्ट्याबाहेर असल्याची खात्री करावी.