संप्रेरके आणि स्तनांचा कर्करोग : आंतरराष्ट्रीय संशोधन

स्त्रीच्या शरीरात तयार होणारी किंवा औषधातून घेतलेली लैंगिक संप्रेरके (हॉर्मोन) स्तनांच्या कर्करोगाचा धोका कधी आणि किती बदलतात, याचा अनेक देशांतील स्त्रियांची माहिती एकत्र करून घेतलेला शोध. यातील सर्वांत मोठे काम ऑक्सफर्ड विद्यापीठातून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय सहयोगी गटाचे असून व्हॅलरी बेरल, रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो ही त्यातील प्रमुख नावे होत.

संशय मात्र बराच जुना आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी मठातील ननमध्ये हा रोग इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळतो, अशी नोंद केली होती. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये दाखवले, की अंडाशय काढून टाकल्यावर बळावलेली गाठही काही वेळा आक्रसते. १९२६ मध्ये ब्रिटनच्या जॅनेट लेन-क्लेपन यांनी सुमारे ५०० रुग्ण स्त्रियांची तितक्याच निरोगी स्त्रियांशी तुलना केली. उशिरा लग्न, कमी मुले आणि कमी स्तनपान यांचा रोगाशी असलेला संबंध तेव्हाच पुढे आला होता.

१९७० मध्ये ब्रायन मॅकमॅहन यांच्या गटाने बॉस्टन, वेल्स, अथेन्स, स्लोव्हेनिया, साओ पाउलो, तैपेई आणि टोकियो या सात ठिकाणची माहिती मांडली. पहिले मूल अठराव्या वर्षाआधी झालेल्या स्त्रियांना असलेला धोका पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्यांच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. स्तनपानाचा मात्र काही परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरीच वर्षे ग्राह्य धरला गेला.

तो उलटला २००२ मध्ये. सहयोगी गटाने ३० देशांतील ४७ अभ्यासांचा मूळ तपशील, म्हणजे छापील निष्कर्ष नव्हे तर एकेका स्त्रीची माहिती, एकत्र केला : ५०,३०२ रुग्ण आणि ९६,९७३ रोग नसलेल्या स्त्रिया. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी घटतो, आणि अंगावर पाजलेल्या दर १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी, असे दिसले. इतका बारीक फरक सुट्या अभ्यासात हाती लागणे कठीण. त्यातून श्रीमंत देशांतील आया फार काळ पाजतच नसत. महाराष्ट्रात टाटा स्मारक रुग्णालयाशी संलग्न असलेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग-नोंदणीत या रोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी दिसते, ते या चित्राशी जुळणारे आहे. पण त्यावरून कोणी लवकर लग्नाचा सल्ला काढू नये. लोकसंख्येचा हिशेब म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे.

कारण ढोबळमानाने असे सांगतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्रीच्या दोन प्रमुख लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने पाळीच्या प्रत्येक चक्रात स्तनातील पेशींचे विभाजन होते. पाळी लवकर सुरू झाली किंवा उशिरा थांबली, तर हा काळ लांबतो. पाळी थांबल्यावर चरबीच्या पेशींत इस्ट्रोजेन बनत राहते, म्हणून त्या वयात लठ्ठपणा धोका वाढवतो.

औषधांचा प्रश्न अधिक वादाचा. गर्भनिरोधक गोळ्यांबाबत १९९६ मध्ये २५ देशांतील ५४ अभ्यासांवरून निष्कर्ष आला : गोळ्या चालू असताना धोका सुमारे २४ टक्के जास्त, आणि थांबवल्यानंतर १० वर्षांनी वाढ दिसेनाशी. तरुण वयात मुळातच हा रोग कमी असल्याने प्रत्यक्ष जादा रुग्ण थोडेच भरतात.

रजोनिवृत्तीनंतरच्या (पाळी कायमची थांबल्यावर त्रास कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या) संप्रेरकोपचाराबाबत गटाला स्वतःचेच म्हणणे बदलावे लागले. उपचार थांबवल्यावर ५ वर्षांत जादा धोका बहुतांशी ओसरतो, असे १९९७ मध्ये म्हटले होते. २०१९ च्या विश्लेषणात, १,०८,६४७ रुग्णांच्या माहितीवरून, तो दहा वर्षांहून अधिक टिकू शकतो असे आढळले. ही माहिती बहुतांश युरोप-उत्तर अमेरिकेतील होती. तिथे उपचार न घेणाऱ्या, मध्यम वजनाच्या १०० स्त्रियांपैकी ५० ते ६९ या वयात सुमारे ६.३ जणींना हा रोग होतो. पन्नाशीपासून ५ वर्षे दोन्ही संप्रेरके रोज घेतल्यास ८.३ जणींना, केवळ इस्ट्रोजेन घेतल्यास ६.८ जणींना. योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनने वाढ आढळली नाही. वर्तमानपत्री मथळे धोका ‘इतके टक्के वाढला’ एवढेच सांगून थांबतात. मुळातला आकडा सोबत असल्याशिवाय त्या टक्क्यांना अर्थ नाही.

अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने दोन गटांत विभागून एका गटाला दोन संप्रेरकांची गोळी आणि दुसऱ्याला निष्क्रिय गोळी दिली होती. २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवण्यात आली : दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ रुग्ण अधिक. बातमी फुटताच उपचार घेणाऱ्यांची संख्या घसरली आणि पुढच्याच वर्षी तिथे या रोगाच्या नव्या रुग्णांत लक्षणीय घट नोंदली गेली.

त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या चाचणीत, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना केवळ इस्ट्रोजेन दिल्यावर धोका वाढण्याऐवजी घटला. ऑक्सफर्डच्या आकड्यांशी हे जुळत नाही. चाचणीतील बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या आणि वजनदार होत्या, पाळी थांबून अनेक वर्षे लोटल्यावर त्यांनी औषध सुरू केले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते सर्वांना मान्य नाही.