फड वेगळा, बारी वेगळी, आणि तुमचा तो डीजेवाला शो तिसराच

जत्रांचा सीझन आला की दरवर्षी तोच घोळ. कुणी नऊवारी नेसून, चाळ बांधून नाचताना दिसलं की बातमीत 'तमाशा', पोस्टरवर 'लावणी', आणि कुणाला जाणकारी दाखवायची असेल तर 'संगीत बारी'. तिन्ही नावं एकाच गोष्टीला चिकटवायची आणि मोकळं व्हायचं. संगीत बारीच्या, म्हणजे नुसत्या लावणीच्या पार्टीतल्या बाईला 'तमाशात काम करता ना' असं विचारतात, आणि फडातल्या, म्हणजे फिरत्या तमाशा मंडळातल्या सोंगाड्याला (विनोदी नटाला) कुणी काही विचारतच नाही, कारण तमाशात पुरुष असतात हेच लोक विसरलेत.

लावणी म्हणजे काय ते सांगत बसत नाही, ते माहीत आहे सगळ्यांना. फक्त एवढं लक्षात असू द्या की बहुतेकांच्या डोक्यातली लावणी सिनेमातली आहे. सुलोचनाबाई चव्हाणांचा आवाज ऐकून आपण तमाशा ऐकला असं ज्यांना वाटतं त्यांना सांगायला पाहिजे की त्या गायिका होत्या, फड त्यांचा नव्हे नि बारीही नव्हे.

आता मुद्दा. लावणी फडातही असते, बारीतही असते. ढोलकी दोन्हीकडे. नऊवारी दोन्हीकडे. म्हणून कपडे नि वाद्यं बघून फरक करायला गेलात की फसलात. बघायचं हे की कार्यक्रमात लावणी कुठे बसलीय. ढोलकी फडाच्या तमाशात ती रात्रीचा एक भाग असते, खरा कणा असतो वग, म्हणजे तमाशातलं नाटक. बारीत लावणी हेच सगळं. वग नाही, सोंगाड्या नाही, राजा-प्रधान नाही.

फडाची रात्र कशी उलगडते बघा. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाटेत अडवतात आणि पुढे येते मावशी. मावशी म्हणजे पुरुषच, डोक्यावर पदर ओढला की झाली मावशी! ती पेंद्याशी जी हुज्जत घालते त्यात गोकुळ कमी आणि गावचा सरपंच, कांद्याचा भाव, कुणाचं मोडलेलं लग्न हेच जास्त येतं. ही कृष्णभक्ती आहे की गावाची खिल्ली, तर दोन्ही, आणि एकाच वाक्यात दोन्ही करता येणं हीच त्या नटाची कमाई. मग बतावणी (विनोदी सवाल-जवाब), रंगबाजीच्या लावण्या, आणि मग वग. 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात, 1865 सालचा. जुन्या वगाची गंमत अशी की गोष्ट ठरलेली, बोलणं मात्र बरंचसं उभ्या उभ्या रचलेलं. त्यामुळे समोर कोण बसलंय ते बघून सोंगाड्या राजालाही टपली मारून जायचा. हे नाटक आहे हो, पूर्ण नाटक. पठ्ठे बापूराव (रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, 1866 ते 1945) लोकांना फक्त लावणीसाठी आठवतात, त्यांनी वगही लिहिलेत हे कुणी सांगत नाही.

बारी याच्या बरोबर उलट. थिएटर किंवा कला केंद्र एका जागी पक्कं, चौफुला, मोडनिंब, पुण्याचं आर्यभूषण वगैरे, आणि तिथे बऱ्याच पार्ट्या मुक्कामाला. एकेक पार्टी दहा-पंधरा माणसांची, मालकीण बाईच, पेटी-तबला-ढोलकीवाले सोडले तर सगळ्या बायका. पार्टीची पाळी आली की ती स्टेजवर येते किंवा बैठकीच्या खोलीत बसते आणि पुढचं ठरतं फर्माईशीवर. समोरचा रसिक जे मागेल ते.

आणि बैठकीची लावणी बघितली नसेल तर अदा म्हणजे काय हे कळणार नाही, कारण ती बसून करायची असते. बाई गुडघा मुडपून बसलेली, पाय जवळजवळ हलतच नाहीत. समजा ओळ इतकीच आहे की घरी या. पहिल्यांदा ती बोलावते. दुसऱ्यांदा तीच ओळ, पण आता रुसलीय, आलात तर या नाहीतर राहू द्या. तिसऱ्यांदा आवाज खाली, नजर दाराकडे, म्हणजे सासू आत आहे. शब्द एकही बदलला नाही, आणि दोन हातांवर बसलेल्या माणसाला सगळं कळलं. हेच फडाच्या तंबूत हजारो लोकांपुढे केलं तर तिसऱ्या रांगेपलीकडे भुवई दिसत नाही, तिथे मोठी चाल, मोठा हातवारा, खडा आवाजच लागतो. विठाबाई नारायणगावकर फडाच्या, यमुनाबाई वाईकर बैठकीच्या. दोघींची तुलना करून मोठी कोण ते ठरवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार.

बाकी फरक किरकोळ. फडात हलगी-तुणतुणं, बारीत पेटी-तबला. मोठा फड शंभरेक माणसांचा, ट्रकांतून गावोगाव फिरणारा, पाडव्याच्या सुमारास नारायणगावला राहुट्या टाकून सुपाऱ्या (कार्यक्रमांचं बुकिंग) घेणारा. रात्री तमाशा, सकाळी हजेरीचा छोटा खेळ, दुपारी कुस्त्या, ही जत्रा त्याची.

घोळ वाढवण्यात पाट्यांचाही हात आहे. फडवाले 'लोकनाट्य तमाशा मंडळ' लिहितात ते ठीक, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर यांच्या मंडळात खरंच नाट्य आहे. पण कला केंद्रंही पाटीवर 'लोकनाट्य' लिहितात आणि आत नाट्य औषधालाही नसतं! दुसरं कारण जास्त वाईट. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांपासून रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद, सूट मिळाली तरी मोजक्या दिवसांची. पहाटेपर्यंत चालणारा वग त्यात बसणार कसा, मग पब्लिक उठू नये म्हणून आधी सिनेमाची गाणी वाजवून नाच, आणि वग उरलेल्या वेळात कोंबायचा किंवा गाळायचा. फड चालवणाऱ्यांची अडचण समजते, शंभर पोटं भरायची आहेत. पण वग गाळलेल्या कार्यक्रमाला मी तमाशा म्हणणार नाही.

आणि तो तिसरा प्रकार, रेकॉर्ड लावून चार पोरी नाचवायच्या आणि वर 'लावणी महोत्सव' लिहायचं, तो फडही नाही नि बारीही नाही. तिथे गाणारी नाही, ढोलकीवाला नाही, अदा नाही. नाचाचा शो आहे, नाचाचा शो म्हणा, कुणाची ना नाही. त्यातल्या पोरींना नावं ठेवण्यात मला रस नाही, चीड येते ती पोस्टर छापणाऱ्याची.

यात्रा कमिटीवाल्यांसाठी एवढंच, सुपारी द्यायच्या आधी विचारा की यंदा वग कुठला बसवलाय. नाव सांगून सोंगाड्या कोण तेही सांगितलं तर फड आहे. 'पब्लिक म्हणेल ती गाणी लावू' असं उत्तर आलं तर निदान पत्रिकेवर तमाशा छापू नका.