जखमींचा आकडा येतो कुठून?

रस्त्यावर किती माणसे मेली, हे बऱ्यापैकी नेमके कळते. वाचलेल्यांचे तसे नाही. २०२२ च्या केंद्रीय अहवालात १,६८,४९१ मृत्यू आणि ४,४३,३६६ जखमी आहेत. एका मृत्यूमागे तीन जखमीसुद्धा नाहीत. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी एका मृत्यूमागे जवळपास ऐंशी जखमी नोंदले गेले. आपले अपघात जास्त जीवघेणे असतात हे मान्य, पण एवढी तफावत जखमी नोंदवलेच न गेल्याशिवाय पडत नाही. देशातच बघा: केरळची लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही, तरी त्या वर्षी तिथे ४३,९१० अपघात नोंदले गेले आणि आपल्याकडे ३३,३८३. मृत्यू मात्र तिथे ४,३१७, इथे १५,२२४. महाराष्ट्रात किरकोळ अपघात होतच नाहीत, असे कोणी म्हणणार आहे का?

हा आकडा पोलीस ठाण्यातून येतो. दुचाकी घसरली, मनगट मोडले, समोरचा खर्च देतो म्हणाला, विमा कधीच संपलेला. प्रकरण जागेवरच मिटते. म्हणूनच अभ्यासक घरोघरी जाऊन विचारू लागले. हैदराबादेत २००५ च्या सुमारास अशी मोठी पाहणी झाली.

खरा गुंता 'जबर दुखापती'चा, म्हणजे गंभीर जखमी कोणाला म्हणायचे याचा. व्याख्या मूळ १८६० ची, भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मधली, आणि तीही फौजदारी शिक्षा ठरवण्यासाठी केलेली. तुटलेला दात तिच्यात थेट बसतो. डोक्याला मार लागला पण हाड शाबूत, तर व्याख्येतल्या आठ प्रकारांपैकी शेवटच्याचा आधार: जिवाला धोका, किंवा (२०२४ पर्यंत) वीस दिवस तीव्र वेदना वा नेहमीची कामे बंद. पण पोलिसांचा अपघाताचा फॉर्म भरला जातो पहिल्या एक-दोन दिवसांत. इतक्या दिवसांनी चौकशीला कोण जाणार? पैसाही यालाच बांधलेला. धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या प्रकरणात जबर जखमीची भरपाई १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० वरून ५०,००० झाली. किरकोळ जखमीला त्यात काहीच नाही.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, २०२१ पासून अपघातांची नोंद ऑनलाइन होऊ लागली. व्याख्या मात्र २०२४ पर्यंत जुनीच राहिली. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने वीसचे पंधरा दिवस केले. बदल योग्यच, पण मोजणीचा विचार करून केलेला दिसत नाही. यापुढे गंभीर जखमी वाढलेले दिसले, तर त्यात रस्त्यांचा वाटा किती आणि त्या पाच दिवसांचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाईल.