पायाने ओढलेली मींड

सतारीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, घ्यायची तर तार पडद्यावर दाबून बाजूला ओढतात. ताण वाढतो, स्वर चढतो. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात, ओढायला तारच नसते. तिथे स्वर ठरतो तो ऑसिलेटरला, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या भागाला, मिळणाऱ्या विद्युतदाबावर. हा दाब पायाखालच्या पेडलने बदलला की मींड येते. सिंथेसायझर बनवणारे बॉब मूग यांनी 1960च्या दशकात रुळवलेला हिशेब आजही बहुतेक यंत्रांत चालतो: दाब 1 व्होल्टने वाढला की स्वर एक सप्तक वर.

म्हणजे 110 हर्ट्झवरून 220 वर जायला 1 व्होल्ट, आणि 440 वरून 880 वर जायलाही 1 च. पहिल्या उडीत 110 कंपनं वाढली, दुसरीत 440. कानाला मात्र दोन्ही उड्या सारख्याच, कारण कान बेरीज करत नाही, पट मोजतो. म्हणून पेडलवर पाऊल तेवढंच दाबलं की खर्जात असो वा तार सप्तकात, मींड तेवढीच येते. कॉर्ग आणि यामाहाच्या काही जुन्या वाद्यांत दाबाच्या प्रमाणात हर्ट्झ वाढत. त्या हिशेबात तोच जादा दाब खर्जात स्वराला कुठल्या कुठे नेईल आणि वर जेमतेम हलवेल.

आता पेडल. उघडून पाहिलं तर निराशाच होते. आत असतो एक पोटेन्शियोमीटर, जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो तसलाच. त्याच्या एका टोकाला 5 व्होल्ट, दुसऱ्याला शून्य. पाऊल झुकेल तशी मधली पट्टी सरकते आणि मधलाच कुठला तरी दाब बाहेर येतो.

हा दाब थेट ऑसिलेटरला दिला की फजिती ठरलेली. 5 व्होल्ट म्हणजे 5 सप्तकं, 60 अर्धस्वर! टाच उचलून पंजा टेकेपर्यंतच्या वीतभर प्रवासात एवढं सगळं कोंबलेलं. एका अर्धस्वराच्या वाट्याला प्रवासाचा साठावा भाग येतो. बूट नुसता घसरला तरी षड्जाचा कोमल ऋषभ होईल. म्हणून मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावायचा आणि दाब तिसाव्या हिश्श्यावर आणायचा. उरतात 0.167 व्होल्ट, म्हणजे बरोबर दोन अर्धस्वर. आता पायाला सुरात राहता येतं. पट्टीवर धूळ बसून स्वर खरखरायला लागला तर स्ल्यू लिमिटर जोडतात. तो दाबाला धक्के न देता सावकाश सरकवतो. फार सावकाश ठेवला तर मींड सुस्तावते, तेव्हा बेतानेच.

एक अडचण उरते. टाच टेकलेली असते तेव्हा दाब शून्य, तिथून स्वर फक्त चढू शकतो. उतरती मींड कशी घ्यायची? दाबात ठरावीक भर किंवा घट करणाऱ्या ऑफसेट मॉड्युलने शून्य पेडलच्या मधोमध आणता येतं, पण मग मूळ स्वरावर परतताना पायाला टेकायला काही उरत नाही. त्यापेक्षा सतारियाची जुनी युक्ती बरी: तो तार आधी ओढून धरतो, मग आघात करतो आणि मग सोडतो. इथेही पेडल आधी दाबून ठेवायचं, वरचा स्वर वाजला की हळूहळू टाचेवर यायचं. टाच टेकली की स्वर आपसूक जागेवर.