देवीची राई, सरकारचे जंगल : मलप्रभेकाठची पार्श्वभूमी

मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. उगमाशी माउलीचे देऊळ आहे. तिथून खानापूर, पुढे सौंदत्ती असे करत साधारण ३०० किलोमीटरवर, कूडलसंगमला ती कृष्णेत मिसळते. वरच्या टोकाला जंगलातली ग्रामदेवता, वाटेत सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा देवी आणि खाली लिंगायत परंपरेतल्या बसवण्णांचे ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी. सीमाभागात धर्म आणि निसर्ग यांचे नाते कसे घडत गेले हे बघायचे तर ही नदी धरून चालावे. निसर्गाकडे बघण्याच्या निरनिराळ्या, काही वेळा एकमेकींच्या उलट जाणाऱ्या रीती तिच्याच पाण्यावर वाढल्या.

खानापूरजवळचे हलशी हे कदंबांच्या काळातले पलाशिका. पाचव्या-सहाव्या शतकातल्या इथल्या ताम्रपटांत जैन संघांना जमीन दिल्याच्या नोंदी आहेत. त्याच गावात गोव्याच्या कदंबांच्या काळातले भूवराह नरसिंहाचे देऊळ उभे आहे. पाण्यात बुडालेली पृथ्वी वर काढणारा वराह तिथे आजही पुजला जातो. म्हणजे जीवहिंसा टाळणारे मुनी आणि पृथ्वी उचलून धरणारा देव, दोघेही या तालुक्यात फार जुने आहेत. पण जंगल राखण्याचे रोजचे काम केले ते यांच्याहून साध्या, पोथीत न सापडणाऱ्या एका व्यवस्थेने. ती म्हणजे देवराई.

देवराई म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला जंगलाचा तुकडा. त्यात कुऱ्हाड चालवायची नाही, काही ठिकाणी वाळकी काटकीही घरी न्यायची नाही. खानापूर, जोयडा आणि त्याला लागून असलेल्या गोवा-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यात अशा राया आहेत. राईत पाण्याचा झरा असतो, राखणदाराची, म्हणजे राई राखणाऱ्या देवाची, जागा असते, आणि काही काढायचेच झाले तर आधी गाऱ्हाणे घालून कौल लावावा, म्हणजे देवाची परवानगी मागावी लागते. देवळाच्या दुरुस्तीला खांब हवा असला तरी देवीने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल द्यावा लागतो, आणि तो गावासमोर लागतो. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट ही वाटते की परवानगी उघड्यावर मागितली जाते. कोणी चोरून झाड पाडले तर देव कोपो न कोपो, गावाला ते कळते आणि पंच जाब विचारतात. श्रद्धेला इथे पहारा जोडलेला आहे.

वार पाळणूक हा त्याच विचाराचा भाग. ग्रामदेवतेच्या यात्रेआधी ठरावीक वारी औत शेतात घालायचे नाही, माती उकरायची नाही, असे गाव ठरवते. बेळगाव शहरात मिसळून गेलेल्या वडगावातही मंगाई देवीच्या यात्रेआधी असे वार पाळले जातात. कर्नाटकी बेंदराला बैल जुंपत नाहीत. पूर्वेकडे अथणीच्या बाजूला येळ अमावस्येला घरदार शेतात जेवायला जाते आणि आधी शेताच्या चारी बाजूंना अन्न शिंपडले जाते. जमीन, जनावर आणि मजूर यांना सुट्टी मिळण्याची ही जुनी सोय आहे, आणि तिच्यामागे देवाचे नाव असल्यामुळे सावकाराला किंवा जमीनदारालाही ती मोडता येत नसे.

चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग हा पट्टा जैनांचा. आचार्य शांतिसागर निपाणीजवळच्या भोज परिसरातले, आचार्य विद्यासागर सदलग्याचे. इथले दिगंबर जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत, ही गोष्ट बाहेरच्या लोकांना नवल वाटावी अशी आहे. जैन विचारात पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती यांतही जीव मानला आहे. मग नांगर चालवणे म्हणजे हिंसाच. या माणसांनी नांगर सोडला नाही, पण बाकीच्या आयुष्याला मर्यादा घातल्या. पाणी कापडातून गाळून प्यायचे आणि कापडावर राहिलेला सूक्ष्म जीव ज्या विहिरीतले पाणी तिथेच परत सोडायचा. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही. कंदमूळ खायचे नाही, कारण कंद उपटला की सारे रोप मरते. पावसाळ्यात मुनी एकाच गावी थांबतात, कारण त्या दिवसांत पायाखाली जीव फार असतात. ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ हे तत्त्वार्थसूत्रातले वचन, जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, या घरांतल्या मुलांना लहानपणीच ऐकायला मिळते.

याच्या शेजारी जोयड्याचे कुणबी ठेवून बघावेत. त्यांचे पोटच कंदांवर. परसात आणि शेतात नाना जातींचे कंद ते लावतात, आणि पुढच्या वर्षीचे बियाणे राखून बाकीचे खातात. एक समाज कंद वर्ज्य करून जीव राखतो, दुसरा कंद खाऊन त्याच्या जाती राखतो. धर्मग्रंथांची तुलना करून हे हाती लागत नाही, त्यासाठी दोन्ही घरची चूल बघावी लागते.

मात्र घरातली मर्यादा कालव्यापर्यंत पोचतेच असे नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी ऊस आला, पाण्याचा वापर वाढला आणि या पट्ट्यात पुष्कळ जमीन क्षारपड झाली. पाणी गाळून पिणारी घरेही त्याच उसाच्या शर्यतीत होती, आणि वारकऱ्यांची, लिंगायतांची घरेही. प्यायच्या पाण्यासाठी परंपरेने नियम केला होता, पाटाच्या पाण्यासाठी केला नव्हता. मोठ्या कालव्यांची शेती तेव्हा नव्हतीच.

लिंगायत परंपरेची गोष्ट आणखी वेगळी. बाराव्या शतकात बसवण्णांनी झाडापाण्याच्या पूजेवर सरळ टीका केली. पाणी दिसले की बुडी मारतात, झाड दिसले की प्रदक्षिणा घालतात. आटणारे पाणी आणि वाळणारे झाड ज्यांना देव वाटले त्यांना तू कसा कळणार, असा त्यांच्या एका वचनाचा आशय आहे. सर्व प्राण्यांवर दया हे धर्माचे मूळ, हेही त्यांनीच सांगितले. झाडाला देव मानू नका म्हणणाऱ्या या परंपरेतूनच २०११ मध्ये गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामीजी पॉस्को या कोरियन कंपनीच्या पोलाद प्रकल्पाविरुद्ध शेतकऱ्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि कप्पतगुड्डाच्या डोंगरासाठीही लढले. प्रकल्प मागे गेला. २०१९ मध्ये, स्वामीजींच्या निधनानंतर, कप्पतगुड्ड अभयारण्य झाले. कोणता धर्म निसर्गाला जवळचा आणि कोणता लांबचा, असे कोष्टक मांडणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे.

बेळगावच्या किल्ल्यात १२०४ ची कमल बस्ती हे जैन मंदिर आहे आणि आदिलशाहीतल्या असद खानाची सफा मशीदही. इस्लाममध्ये माणूस पृथ्वीचा मालक नसून सांभाळणारा आहे. कुराणात सृष्टीच्या तोलाबद्दल सांगितले आहे आणि तो बिघडवू नका असे बजावले आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत सर्वांचा वाटा असतो, वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, असे हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, सांगते. चराईसाठी किंवा झाडांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीला अरबस्तानात ‘हिमा’ म्हणत, आणि खानापूरच्या गावकऱ्याला ती कल्पना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गोव्याकडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांत नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेण्याची रीत आहे. १९५३ मध्ये बेळगावला स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीच्या काळजीविषयी जगभरच्या चर्चला पत्र लिहिले तेव्हा ते इथेही पोचले. हल्याळ, यल्लापूर, खानापूरच्या रानांत राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजात तर हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही आहेत. रानाशी नाते तिघांचे सारखेच.

हे सारे असताना जंगल गेले कसे? मोठा घाव १८७८ च्या वनकायद्याचा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. राखीव जंगलाची रेघ आखली गेली आणि राई, गायरान, सरपणाचे रान यांतले बरेचसे सरकारच्या नावावर गेले. डोंगरउतारावर रान तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी या फिरत्या शेतीवर निर्बंध आले. १८८० च्या दशकात लोंढा, कॅसल रॉकवरून मुरगावकडे रेल्वे निघाली आणि लाकडाला नवे गिऱ्हाईक मिळाले. आधी झाड तोडायला देवीचा कौल लागे, आता रेंजरचा परवाना लागू लागला. परवाना गावासमोर मागायचा नसतो. गावाची राखण एकदा कागदावरून गेली की गावाची जबाबदारीही सैल होते, आणि तसेच झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कागदाची भाषा पुढे बदलली, वनखात्याचे धोरण मात्र तेच राहिले.

जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिने कोणाला बाहेर ठेवले हेही सांगायला हवे. देवाच्या तळ्याला, देवळाच्या विहिरीला दलितांचा स्पर्श चालत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ मध्ये बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीला आले, त्यानंतर दोनच वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाणी पवित्र आहे म्हणणे आणि पाणी सर्वांचे आहे म्हणणे या दोन गोष्टींतले अंतर त्या सत्याग्रहाने दाखवले. सौंदत्तीला लिंबाचा पाला देवीला प्रिय, लिंब नेसण्याचा नवस बोलला जाई. आणि त्याच दारी गरीब घरच्या मुली सोडल्या जात. ती प्रथा थांबवायला कर्नाटकाला १९८२ चा देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. झाडाला मिळालेला मान माणसाला मिळाला नाही.

जगात या विषयाची चर्चा त्यामानाने उशिरा सुरू झाली. लिन व्हाइट या इतिहासकाराने १९६७ मध्ये पर्यावरणाच्या संकटाची मुळे ख्रिस्ती विचारात शोधली आणि वाद पेटला. १९८६ मध्ये इटलीत असिसी इथे पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गाविषयी जाहीरनामे काढले, १९९० मध्ये जैनांचाही आला. त्या आधीच, सप्टेंबर १९८३ मध्ये, शिरसीजवळच्या सालकणीत लोकांनी झाडांना मिठी मारून तोड थांबवली होती. अप्पिको चळवळ ती हीच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांनाही या जागांचे मोल नीट दिसले.

आज खानापूरच्या रानात तीन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. डिसेंबर २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले आणि आतल्या मराठी भाषक गावांच्या स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचे पाणी मलप्रभेत वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प आहे. २०१८ च्या लवादाने त्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, आणि त्याचा कालवा कणकुंबीत, माउलीच्या गावातच खोदला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखण्याची शिफारस केली.

धोरण येईल तेव्हा येईल. २००६ चा वनहक्क कायदा आजही हातात आहे. तो ग्रामसभेला सामूहिक जंगल राखण्याचा हक्क देतो. आदिवासी नसलेल्या वननिवासींना त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो शोधताना मुंबई इलाख्याच्या दप्तरापर्यंत जावे लागते. पण २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून जुन्या विहिरी, स्मशानभूमी आणि पवित्र स्थाने धरली आहेत, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे राई आणि तिचा राखणदार हाच दाव्याचा पुरावा होऊ शकतो. तो गावाच्या वनहक्क समितीने ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि ग्रामसभेने ठराव करून उपविभागीय समितीकडे पाठवायचा असतो.