टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनची ओढ कशी वाढते: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात गाडी दम टाकते, एसी लावला की तिसरा गिअर ओढत नाही, तर इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवून द्या, अशी मागणी घेऊन अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. त्यांची तक्रार खरी असते. मात्र खर्च करण्यापूर्वी टॉर्क कुठून येतो आणि कुठे हरवतो, हे आपणास ठाऊक असावे, या हेतूने हे पत्रक काढले आहे.

टर्बो (हवा दाबून सिलिंडरमध्ये भरणारे यंत्र) नसलेले इंजिन बाहेरची हवा स्वतःच ओढून घेते. एका फेऱ्यात सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरते तेवढ्याच हवेला पुरेल इतके पेट्रोल नीट जळते, आणि त्या स्फोटाचा दाब पिस्टनवर पडून क्रँकशाफ्टला (चाकांकडे जोर नेणाऱ्या मुख्य दांड्याला) पीळ मिळतो. त्यामुळे टॉर्क मुख्यतः इंजिनच्या आकारमानावर ठरतो. चांगल्या स्थितीतले छोटे पेट्रोल इंजिन आकारमानाच्या दर लिटरमागे (1000 सीसीमागे) साधारण 85 ते 100 न्यूटन-मीटर (टॉर्क मोजण्याचे एकक) देते. अल्टो 800 चे 796 सीसीचे इंजिन 69 न्यूटन-मीटर देत असे, तर वॅगन-आरचे 998 सीसीचे इंजिन 3500 आरपीएमवर (मिनिटाला 3500 फेऱ्यांवर) 89 देते. या चौकटीबाहेर फार जाता येत नाही. बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, सीसी वाढवण्याचा विचार काही जण मांडतात. परंतु 73 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 79.5 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) असलेल्या तीन सिलिंडरच्या इंजिनात बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढवला, तरी आकारमान दीड टक्कासुद्धा वाढत नाही. ओव्हरसाइझ पिस्टन हा झिजलेल्या ब्लॉकवरचा इलाज आहे, ओढ वाढवण्याचा मार्ग म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

हवेचे प्रमाण कमी करणाऱ्या दोन गोष्टी खानदेशात ठळकपणे जाणवतात. पहिली म्हणजे उन्हाळा. 15 अंश तापमानाच्या तुलनेत 45 अंशांवर हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या दुपारी पारा तिथवर जातोच. त्यात कोणी मूळ एअर फिल्टरचा डबा काढून बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला, तर इंजिन बाहेरच्या हवेऐवजी रेडिएटरमागची तापलेली हवा ओढू लागते. ती हवा 70 अंशांवर असेल, तर आणखी सात टक्के घट झाली असे समजावे. आवाज दमदार येतो, त्यामुळे गाडी जोरात पळते असे वाटते. दुसरी गोष्ट धूळ. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात आणि शेतरस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो, म्हणून तो किलोमीटर न पाहता उघडून पाहावा. तोरणमाळला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की 1100 मीटरच्या आसपासच्या उंचीवर हवाच सुमारे दहा टक्के कमी मिळते; तिथे गाडी जड वाटली तर तो बिघाड नव्हे.

आमच्या अनुभवात ओढ नसल्याची तक्रार असलेल्या गाड्यांमध्ये कंपनीने दिलेलाच टॉर्क कुठेतरी गळत असतो. म्हणून आम्ही सर्वप्रथम कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासतो. इंजिन गरम करून सगळे प्लग काढले जातात, इंजेक्टरचे कनेक्शन सोडले जाते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर फिरवला जातो. प्रत्येक सिलिंडरचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलशी आणि शेजारच्या सिलिंडरशी ताडून पाहिला जातो. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत; तसाच राहिला, तर व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरचे झाकण म्हणजे हेड, त्याखालचे पॅकिंग) गळते. ही तपासणी आपल्यासमोर केली जाते आणि आकडे कागदावर लिहून दिले जातात, कारण हेड उतरवण्याचा निर्णय आपण स्वतः ते आकडे पाहून घ्यावा, असे आमचे मत आहे.

सीएनजीच्या गाड्यांबाबत थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. सिलिंडरमध्ये शिरणारा गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे टॉर्क मुळातच घटतो. वर सांगितलेल्या 89 न्यूटन-मीटरच्या इंजिनाचा कंपनीच्या सीएनजी रूपातला आकडा 82.1 आहे. ही घट जाणार नाही. मात्र गॅसवर व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) लवकर झिजतात, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) कमी होत जातो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो. तेव्हाची घट भरून काढता येते, आणि वेळीच गॅप तपासला तर स्वस्तात येते. प्लगचा गॅप वाढलेला असल्यास गॅसवर मिसिंग (मधूनच ठिणगी चुकणे) आधी जाणवते.

क्लचची परीक्षा आपणही करू शकता. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. आरपीएम वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे.

आता गिअर आणि टायर यांविषयी, कारण आमच्या मते याच भागात सर्वाधिक फायदा आहे. रस्त्यावर जो पीळ पोचतो तो इंजिनचा टॉर्क गुणिले गिअरचे गुणोत्तर एवढा असतो. अनेक छोट्या गाड्यांत दुसरा गिअर तिसऱ्याच्या जवळपास दीडपट ओढ देतो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनावर केलेला कोणताही बदल इतकी वाढ देणार नाही. घाटात 1800 आरपीएमवर तिसऱ्यात रखडण्यापेक्षा दुसऱ्यात 3000 ते 3500 वर चढावे. इंजिनचा आवाज वाढला म्हणून भिण्याचे कारण नाही, त्या वेगासाठीच ते बनलेले आहे. टायर मोठे केल्याने मात्र उलट होते. 155/65 आर14 च्या जागी 165/70 आर14 बसवले, तर चाकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढतो आणि ओढ तेवढीच घटते.

फ्री-फ्लो (धूर मोकळा सोडणारा) सायलेन्सर आणि लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट बहुधा वरच्या आरपीएमवर फायदा देतात आणि खालची ओढ कमी करतात, म्हणजे आपल्या गरजेच्या नेमके विरुद्ध. हेड फेस करून (घासून) कॉम्प्रेशनचे गुणोत्तर 10 वरून 11 केल्यास कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांनी वाढते, परंतु आपल्याकडच्या उन्हाळ्यात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी खडखड) सुरू झाले की ईसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचे टायमिंग मागे घेतो आणि मिळवलेले निघून जाते. टर्बोविना इंजिनावर ईसीयू रिमॅप केल्याने, म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलल्याने, होणारी वाढही सहसा मोजक्या टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि वॉरंटी धोक्यात येते. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. वरीलपैकी रिमॅप आणि सायलेन्सर बदलण्याची कामे आम्ही घेत नाही.

तपासणीसाठी गाडी आणताना आरसी व मागील सर्व्हिसची बिले सोबत आणावीत. टॅपेटचा गॅप थंड इंजिनावर मोजावा लागत असल्याने सीएनजीच्या ग्राहकांनी गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ठेवून जावी.