ओसेइबो आणि चहाची भेट

ओसेइबो : जपानमध्ये वर्षअखेरीस वरिष्ठांना, गुरूंना, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांना, आईवडिलांना आणि व्यवसायातील जुन्या संबंधितांना पाठवायची भेट. वर्षभरात ज्यांचे उपकार झाले त्यांची ही दखल. उन्हाळ्यात अशीच 'ओचूगेन' नावाची भेट जाते. दोन्ही झेपत नसतील तर ओचूगेन सोडतात आणि ओसेइबो ठेवतात. आपल्याकडे दिवाळीत मिठाईच्या डब्याला डबा परत जातो, तसे इथे होत नाही. भेट खालून वर जाते, वरून आभाराचे पत्र येते, आणि तेही शक्यतो तीन दिवसांत.

लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वेगळ्या झालेल्या धाकट्या शाखा वर्ष सरताना मूळ घरी पूर्वजांसाठी व नववर्षाच्या देवतेसाठी नैवेद्याचे जिन्नस नेत, त्यातून ही चाल आली असे मानतात. पूर्व जपानात खारवलेला सामन (सॅल्मन) मासा आणि पश्चिमेत 'बुरी' हा मासा आजही पाठवतात, तो याच परंपरेतला. एदो काळात (1603–1868) उधारीची खाती उन्हाळ्यातल्या 'बोन' सणाला आणि वर्षअखेरीस मिटवली जात. त्या निमित्ताने भाडेकरू घरमालकाकडे आणि दुकानदार गिऱ्हाइकाकडे काही ना काही घेऊन जाऊ लागले. आज हॅम, बिअर, खाद्यतेल, फळे, मिठाई आणि चहा यांची चलती आहे. बहुतेकांचा खर्च 3,000 ते 5,000 येनांत बसतो, विशेष ऋण असेल तर 10,000 येनांपर्यंत जातो. त्याहून महाग भेट घेणाऱ्याला अवघडून टाकते.

वेळ चुकली की भेटीचे नावच बदलते. क्योतो-ओसाकाच्या बाजूला नववर्षाची तयारी 13 डिसेंबरला सुरू होते, म्हणून तिथे 13 ते 20 डिसेंबर हा नेमका काळ. तोक्योकडे डिसेंबर उजाडताच पाठवणी सुरू होते, हल्ली नोव्हेंबरअखेरीसही. 20 तारखेनंतर घरोघरी साफसफाईची धांदल असते आणि कुरिअरवाल्यांवरही ताण असतो. वर्ष उलटले तर 1 ते 7 जानेवारीत (पश्चिमेत 15 पर्यंत) तीच वस्तू 'ओनेंगा', म्हणजे नववर्षाची भेट म्हणून द्यावी लागते आणि त्यानंतर साधारण 4 फेब्रुवारीपर्यंत 'कांचू-मिमाइ', म्हणजे थंडीतली विचारपूस म्हणून. सुतकातल्या घरी ओनेंगा चालत नाही, कांचू-मिमाइ चालते.

वस्तूइतकेच महत्त्व तिच्यावरच्या कागदाला, आणि चहा पाठवताना तर अंमळ जास्तच. कारण जपानात हिरवा चहा अंत्यविधीच्या परतभेटीचाही ठरलेला जिन्नस आहे. अंत्यविधीला आलेल्या आर्थिक आहेराच्या साधारण निम्म्या किमतीची वस्तू 49 दिवसांचे सुतक सरल्यावर परत पाठवतात. चहा हलका, टिकाऊ आणि वापरून संपून जाणारा असल्याने त्यासाठी सोयीचा. त्यामुळे सेंचाचे (नेहमीच्या हिरव्या चहाचे) दोन डबे हाती आले की जुन्या वळणाच्या माणसाच्या मनात क्षणभर शंका येते, आणि ती दूर करतो तो वरचा कागद. ओसेइबोच्या कागदावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची (मिझुहिकी) फुलपाखरासारखी गाठ छापलेली किंवा बांधलेली असते. ही गाठ ओढली की सुटते आणि पुन्हा बांधता येते, म्हणून ती पुन्हापुन्हा यावे अशा प्रसंगांची. दोरे विषम संख्येत, बहुधा पाच. उजव्या कोपऱ्यात 'नोशी' असते. ही पूर्वी अॅबलोन शिंपल्याच्या वाळवलेल्या मांसाची पट्टी होती, आता कागदी. भेट मासळीची असेल तर नोशी लावत नाहीत, कारण नोशी हीच मासळीची प्रतिनिधी. अंत्यविधीच्या कागदावर नोशी नसते आणि काळ्या-पांढऱ्या (पश्चिमेत पिवळ्या-पांढऱ्या) दोऱ्यांची न सुटणारी गाठ असते. तीच पाने, तोच डबा. कागद बदलला की प्रसंग बदलला.

गाठीच्या वर मध्यभागी 'ओसेइबो' आणि खाली थोड्या लहान अक्षरांत पाठवणाऱ्याचे नाव ब्रशने किंवा ब्रश-पेनने लिहितात. शाई गडद काळीच हवी. फिकट शाई शोकाची असते, आणि शाई संपत आलेल्या पेनाने लिहिले तर नकळत तोच अर्थ निघतो. तिघांपर्यंत नावे लिहिता येतात, ज्येष्ठाचे सर्वांत उजवीकडे. कुरिअरने पाठवताना हा कागद वेष्टनाच्या आत घालतात, म्हणजे वाटेत फाटत नाही. स्वतः नेऊन देताना बाहेर. घरी शोक असला तरी ओसेइबो थांबवायची गरज नाही, कारण ती आभाराची भेट आहे, आनंदसोहळ्याची नव्हे. मात्र 49 दिवस उलटू द्यावेत आणि लाल-पांढऱ्या दोऱ्यांऐवजी साधा पांढरा कागद वापरावा.

कोणता चहा पाठवायचा हे घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरावर ठरते. घरात 'क्यूसू' (बाजूला मूठ असलेली लहान किटली) असेल तर सुट्या पानांचा सेंचा किंवा ग्योकुरो (सावलीत वाढवलेला उंची हिरवा चहा). नसेल तर टी-बॅगच, नाहीतर महागडी पाने कपाटात पडून राहतात. वयस्कर जोडप्याला रात्री पिता येईल असा, कॅफीन कमी असलेला होजिचा (भाजलेल्या पानांचा चहा) बरा. सेंचाचा 100 ग्रॅमचा डबा दोघांना 4 ग्रॅम या मापाने सुमारे 25 वेळा पुरतो, म्हणून दोन माणसांच्या घरी तीन-चार डबे धाडणे हे औदार्य नव्हे, अडचण. पेले किंवा कप द्यायचे असतील तर पाच; चारचा संच जपानात अशुभ मानतात. माचा (हिरव्या चहाची बारीक पूड) मोहक खरा, पण उघडल्यावर दोन-चार आठवड्यांत त्याचा रंग व सुगंध उतरतो. शिवाय घेणाऱ्याकडे बांबूची घुसळणी हवी. 2024 च्या शरदापासून क्योतोच्या नामांकित पेढ्यांनी माचाच्या विक्रीवर मर्यादा घातल्यामुळे तो आयत्या वेळी मिळेलच असेही नाही.

पहिल्या खुडणीचा चहा एप्रिल-मेमध्ये येतो. मग डिसेंबरातला चहा शिळा का? तसे नाही. ग्योकुरो आणि माचाचा कच्चा माल असलेला तेंचा काही महिने साठवल्यावर त्यांची हिरवट उग्रता जाते आणि चव गोलसर होते. चहासमारंभातही मेमध्ये भरलेली बरणी नोव्हेंबरात उघडतात. खरी काळजी पाकिटाची: वेष्टन बंद ठेवलेले असावे आणि छापलेली मुदत किमान तीन-चार महिने पुढची असावी. फ्रिजमध्ये ठेवलेले पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याखेरीज उघडू नये. थंड पानांवर हवेतले बाष्प जमते आणि अख्खा डबा ओलसर होतो.

भेटीसोबत बनवण्याची चिठ्ठी असते, पण घरोघरी उकळते पाणी ओतूनच चहा वाया जातो. अशा पाण्यात कडवटपणा देणारी कॅटेचिन आणि कॅफीन झपाट्याने उतरतात. गोडी देणारे थिॲनीन मात्र कोमट पाण्यातही उतरते. सेंचाला 70–80 अंश पाणी आणि एक मिनिट, ग्योकुरोला 50–60 अंश आणि दोन मिनिटे. उष्णतामापक नसेल तर पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतावे, प्रत्येक वेळी सुमारे 10 अंश उतरतात. शेवटचा थेंबही क्यूसूत ठेवू नये, नाहीतर त्याच पानांचा दुसऱ्यांदा केलेला चहा कडू येतो. होजिचाला मात्र उकळते पाणीच लागते, अर्धा मिनिट पुरे.

वर्षअखेरीच्या चहांत खास क्योतोचा म्हणजे 'ओबुकुचा'. 951 साली शहरात साथ पसरली असताना कूया या भिक्षूने रोग्यांना चहा पाजला, अशी त्याची आख्यायिका रोकुहारामित्सु-जी मंदिराशी जोडलेली आहे. कपात कोम्बू या समुद्री वनस्पतीची छोटी गाठ आणि एक लहान उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) ठेवून वरून गरम सेंचा किंवा गेनमाइचा (भाजलेला तांदूळ मिसळलेला हिरवा चहा) ओततात. 1717 पासून चालत आलेली इप्पोदो ही पेढी या नावाने दरवर्षी गेनमाइचा काढते. तो नववर्षाच्या पहिल्या सकाळी प्यायचा असल्याने 31 डिसेंबरच्या आत पोचायलाच हवा. जानेवारीत पोचलेला ओबुकुचा हा नुसता चहा.

स्वतः नेताना वस्तू फुरोशिकी या कापडात बांधून न्यावी. बैठकीत बसल्यावर कापड सोडून घडी घालावी, डबा फिरवून अक्षरे यजमानाकडे करावीत आणि दोन्ही हातांनी द्यावा. दुकानाची कागदी पिशवी देत नाहीत, ती आपणच परत न्यायची. वरिष्ठांना पायमोजे, जोडे देऊ नयेत: पायाखालची वस्तू अपमानास्पद वाटते. सुरीचा अर्थ संबंध तोडणे.

सगळ्यांना भेट चालतही नाही. सरकारी कर्मचाऱ्यांवर 2000 पासून लागू झालेल्या नीतिमत्ता कायद्याची बंधने आहेत. राजकारण्यांनी मतदारांना ओसेइबो पाठवणे निवडणूक कायद्याने निषिद्ध आहे. अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांमधली देवाणघेवाणही बंद केली आहे. अशा वेळी पार्सल न फोडता, आभाराच्या पत्रासह परत पाठवतात. परत करणे कठोर वाटले तर तेवढ्याच किमतीची वस्तू धाडून पुढे नको असे कळवतात. पाठवणाऱ्याला थांबायचे असेल तर एकदम हात आखडता घेऊ नये. आधी ओचूगेन बंद करावे, मग ओसेइबोची किंमत उतरवत न्यावी. ज्याचे काम एकदाच पडले, त्याला चहा जरूर द्यावा, पण कागदावर 'ओसेइबो' न लिहिता 'ओन्रेइ' (आभार) लिहावे, म्हणजे पुढच्या डिसेंबरात कोणी वाट पाहत नाही.